अमेरिकन सिटिझन झालात, आता भारतीय पासपोर्टचं काय? सरेंडर ते ओसीआय, क्रमाने सगळं

ओथ, म्हणजे अमेरिकन नागरिकत्वाची शपथ, होऊन अकरावा दिवस होता आणि सांगलीहून धाकट्या भावाचा फोन आला, ताई, आईला ॲडमिट केलंय, जमलं तर निघ. मी कपाटातून सवयीने भारतीय पासपोर्ट काढला आणि हातात धरून तशीच उभी राहिले, कारण त्या पासपोर्टवर आता प्रवास करता येत नव्हता. ग्रीन कार्ड ओथच्या दिवशी परत देऊन झालं होतं आणि अमेरिकन पासपोर्टचा फॉर्म मी अजून भरलाच नव्हता, म्हटलं होतं बघू पुढच्या महिन्यात निवांत. म्हणजे त्या दिवशी माझ्याकडे प्रवासाचं एकही कागदपत्र नव्हतं. इमर्जन्सीमध्ये पासपोर्ट मिळाला, ई-व्हिसा मिळाला, आठव्या दिवशी मी आईजवळ होते आणि आई आज ठणठणीत आहे, पण ते आठ दिवस मी विसरू शकत नाही. तुमच्यावर ती वेळ येऊ नये म्हणून हे सगळं नीट क्रमाने लिहितेय. मी न्यू जर्सीत राहते त्यामुळे हे अमेरिकेतल्या लोकांसाठी आहे, इंग्लंड-कॅनडात मुळातले नियम तेच आहेत पण फी आणि ऑफिसं वेगळी, ती तिकडची बघा.

आधी हे डोक्यात पक्कं करा

भारतात दुहेरी नागरिकत्व नाही. घटनेच्या कलम ९ मध्ये तेच आहे आणि १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम ९ मध्येही तेच, स्वतःहून दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की त्या क्षणी भारतीय नागरिकत्व संपतं. तुम्ही अर्ज करा न करा, पासपोर्टवर अजून सात वर्षं शिल्लक असोत, काही फरक पडत नाही. आपल्याकडे बरेच जण म्हणतात की मी अजून सरेंडर केलं नाही म्हणजे मी दोन्हीकडचा आहे. हे साफ चूक आहे. सरेंडर म्हणजे जे आधीच संपलंय त्याची सरकारी नोंद, आणि संपल्यानंतरही तो पासपोर्ट वापरणं हा पासपोर्ट कायद्याखाली गुन्हा आहे. एक पासपोर्ट तिकडे दाखवून दुसरा इकडे दाखवणारे लोक मला माहितीयत, त्यांचा सल्ला ऐकू नका.

ओसीआय म्हणजे आयुष्यभराचा व्हिसा आणि त्यासोबत काही सवलती. नाव जरी 'ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया' असलं तरी त्याने तुम्ही भारताचे नागरिक होत नाही. २००५ मध्ये ही योजना आली, भारतीय वंशाच्या लोकांना मिळायची ती जुनी पीआयओ कार्डं ९ जानेवारी २०१५ ला त्यातच विलीन केली. मतदान नाही, निवडणूक लढवता येत नाही, सरकारी नोकरी नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. बाकी कितीही वेळा जा-ये करा, कितीही दिवस राहा, परदेशी लोकांना पोलिसांकडे करावी लागते ती नोंदणी नाही, बँक, घर, शिक्षण यात बहुतेक ठिकाणी एनआरआयसारखंच. मात्र मेडिकल-इंजिनिअरिंगच्या ॲडमिशनला मार्च २०२१ च्या नोटिफिकेशननंतर ओसीआय मुलांना फक्त एनआरआय किंवा जास्तीच्या जागाच मिळतात, पुढे मुलांना भारतात शिकवायचा विचार असेल तर हे आत्ताच माहीत असू द्या.

१. ओथच्या आधी: नावाचं काम उरकून घ्या

सगळ्यात जास्त लोक इथे अडकतात आणि आपण मराठी माणसं तर हमखास, म्हणून या पायरीवर मी जरा जास्त लिहिणार आहे.

आपल्याकडे स्वतःचं नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, मग आडनाव. भारतीय पासपोर्टवर पहिली दोन नावं 'गिव्हन नेम' च्या रकान्यात एका ओळीत येतात. अमेरिकेत आलं की त्यातलं दुसरं नाव 'मिडल नेम' होतं, लायसन्सवर त्याचं एक अक्षर उरतं, बँकेत तेही गळतं, आणि लाइट बिलावर तर कधी कधी नवऱ्याचं एकट्याचंच नाव. वर्षानुवर्षं याने काहीच अडत नाही. मग ओसीआयचं पाकीट जातं आणि तिथे बसलेला माणूस चार कागद शेजारी शेजारी ठेवतो आणि त्याला चार वेगळ्या बायका दिसतात.

त्यात लग्नानंतर नाव बदललेलं असेल तर अजून भर. माझ्या नणंदेचं लग्नात पहिलं नावसुद्धा बदललं, शाळेच्या दाखल्यावर एक, पासपोर्टवर दुसरं, माहेरच्या जमिनीच्या कागदावर पहिलंच. असं असेल तर रजिस्टर्ड मॅरेज सर्टिफिकेट आणि नाव बदलल्याचं गॅझेट, जे असेल ते आत्ताच शोधून ठेवा. लग्नपत्रिका आणि कार्यालयाची पावती चालत नाही.

एन-४००, म्हणजे सिटिझनशिपचा अर्ज, भरताना त्यातच नाव बदलायची सोय असते. बऱ्याच जणांना वाटतं चला इथेच वडिलांचं नाव काढून टाकू, सुटसुटीत होईल. नावामुळे खरंच रोज त्रास होत असेल तर जरूर बदला, तुमचं नाव आहे, पण नुसतं लांब आहे म्हणून बदलू नका, कारण त्यानंतर भारतातल्या प्रत्येक कागदाला हे नवं नाव जोडून दाखवायचं काम तुमच्याच मागे लागतं. बदललंच तर कोर्टाच्या ऑर्डरची प्रत जपून ठेवा, पुढे ती प्रत्येक ठिकाणी लागते.

वय झालेल्या आईवडिलांचं असेल तर जन्मतारीख तपासा. शाळेत घालताना गुरुजींनी १ जून लिहिलेली एक, आणि घरात सांगतात ती दुसरी, अशी गत आपल्याकडे घरोघरी आहे. पासपोर्टवर जी आहे तीच सगळीकडे लिहायची. खरी कुठली हा वाद इथे उपयोगाचा नाही.

२. ओथच्या दिवशी

नॅचरलायझेशन सर्टिफिकेट, म्हणजे नागरिकत्वाचं प्रमाणपत्र, हातात देतात तेव्हा गडबड असते, फोटो काढायचे असतात, छोटा झेंडा हातात असतो, डोळे भरून आलेले असतात. तरी दोन मिनिटं बाजूला व्हा आणि त्यावरचं नाव, जन्मतारीख, देश अक्षर न् अक्षर वाचा. चूक असेल तर तिथल्या ऑफिसरला तिथेच सांगा. नंतर दुरुस्तीसाठी एन-५६५ नावाचा वेगळा फॉर्म आहे आणि त्याला महिने लागतात.

घरी आल्यावर त्याच दिवशी रंगीत स्कॅन करून ठेवा. लॅमिनेट करू नका.

३. अमेरिकन पासपोर्ट, त्याच आठवड्यात

माझी चूक इथे झाली. पहिला पासपोर्ट असल्यामुळे डीएस-११ फॉर्म घेऊन स्वतः जावं लागतं, बऱ्याच पोस्ट ऑफिसमध्ये होतं, अपॉइंटमेंट मात्र आधी घ्यावी लागते. मोठ्या माणसाच्या पासपोर्ट बुकची फी १३० डॉलर आणि वर अर्ज स्वीकारायचे ३५ डॉलर, घाई असेल तर एक्स्पिडाइटचे वेगळे. ओथच्या आधीच अपॉइंटमेंट बघून ठेवली तर अजून चांगलं.

यात ओरिजिनल नॅचरलायझेशन सर्टिफिकेट पाठवावं लागतं आणि ते पासपोर्टसोबत न येता वेगळ्या पाकिटात येतं. पासपोर्ट आला आणि सर्टिफिकेट नाही म्हणून घाबरू नका, पण आलं की नाही यावर लक्ष मात्र ठेवा.

आणि माझ्यासारखी वेळ आलीच, म्हणजे घरात कोणी गंभीर आहे आणि लगेच निघायचंय, तर अमेरिकेच्या पासपोर्ट एजन्सीत जवळच्या नातेवाईकाच्या आजारपणासाठी किंवा मृत्यूसाठी तातडीची अपॉइंटमेंट मिळते. हॉस्पिटलच्या लेटरहेडवर डॉक्टरांचं सहीचं पत्र लागतं आणि ते इंग्रजीत हवं. भावाने पहिल्यांदा डिस्चार्ज-केसपेपरचे फोटो पाठवले ते चालले नाहीत, पत्र पुन्हा मागवण्यात एक दिवस गेला.

४. भारतीय पासपोर्ट सरेंडर

पासपोर्ट आला की लगेच हे, ओसीआयच्या आधी. कारण ओसीआयच्या अर्जाला सरेंडर सर्टिफिकेट जोडावं लागतं, आणि साधा पेपर व्हिसा काढायचा म्हटलं तरी भारतीय वंशाच्या माणसाला ते मागतात. फार वर्षं पासपोर्ट तसाच ठेवून दिला तर दंडही लागतो.

कसं करायचं ते असं. भारताच्या गृह मंत्रालयाच्या नागरिकत्वाच्या पोर्टलवर ऑनलाइन फॉर्म भरायचा, प्रिंट काढायची, फोटो लावून सही करायची. मग व्हीएफएसच्या (भारत सरकारसाठी हे अर्ज स्वीकारणारी खाजगी कंपनी) साइटवर अकाउंट करून फी भरायची आणि पोस्टाने पाठवायचं किंवा सेंटरवर अपॉइंटमेंट घेऊन नेऊन द्यायचं. तुमच्या राज्याचं कॉन्सुलेट कुठलं ते आधी बघा, जवळचं म्हणजे तुमचं असं नसतं. वॉशिंग्टनला एम्बसी आणि न्यूयॉर्क, शिकागो, सॅन फ्रान्सिस्को, ह्युस्टन, अटलांटा, सिॲटल अशी कॉन्सुलेटं, राज्यं यांच्यात वाटून दिलीयत. ओहायो न्यूयॉर्ककडे येतं, शिकागो जवळ आहे म्हणून तिकडे पाठवलं की परत.

यासाठी लागतं:
- शेवटचा भारतीय पासपोर्ट, ओरिजिनल
- अमेरिकन पासपोर्टची प्रत
- नॅचरलायझेशन सर्टिफिकेटची प्रत
- पत्त्याचा पुरावा, लायसन्स किंवा लाइट-पाण्याचं बिल
- फोटो, २ इंच बाय २ इंच
- नाव बदललं असेल तर त्याचा कागद

प्रती नोटरी केलेल्या हव्यात की स्वतः सही केलेल्या चालतात हे व्हीएफएसच्या साइटवरच्या चेकलिस्टमध्ये लिहिलेलं असतं आणि ते मधूनमधून बदलतं, म्हणून मैत्रिणीने तीन वर्षांपूर्वी दिलेली चेकलिस्ट वापरू नका, पाठवायच्या दिवशी नवी डाउनलोड करा. नोटरी आपल्या बँकेत बहुतेक वेळा फुकट होतं.

पाठवायच्या आधी भारतीय पासपोर्टचं प्रत्येक पान स्कॅन करा, कोरी पानंसुद्धा, आणि जुने पासपोर्ट असतील तर तेही. पासपोर्ट हरवलेला असेल तर पोलीस रिपोर्ट आणि ॲफिडेव्हिट करून काम होतं, फक्त वेळ जास्त लागतो.

माझं पाकीट या पायरीवर एकदा परत आलं. कारण काय, तर लायसन्सवर मिडल नेमचं नुसतं अक्षर आणि पासपोर्टवर पूर्ण नाव. सोबतच्या चिठ्ठीत एकच ओळ होती, नाव जुळत नाही. मग मी एक ॲफिडेव्हिट केलं, साध्या कागदावर, की या या कागदांवरची ही ही नावं माझी एकटीचीच आहेत, खाली सगळी नावं जशीच्या तशी लिहिली, नोटरी केलं, आणि दुसऱ्या वेळी काम झालं. तुमचं नाव कुठेही एका अक्षराने जरी वेगळं असेल तर हे ॲफिडेव्हिट पहिल्याच वेळी जोडा, मागितलं नसलं तरी.

पासपोर्ट रद्द करून सर्टिफिकेटसोबत परत पाठवतात. मला कोणी हे सांगितलं नव्हतं त्यामुळे मला वाटलेलं तो गेलाच. पाकीट उघडलं तर आत तो होता, शिक्का मारलेला, आणि मधल्या पानावर २००६ चा माझा पहिला व्हिसा, केस दोन वेण्यांत, काजळ जरा जास्तच. मी बराच वेळ स्वयंपाकघरात तसाच धरून बसले होते. सांगायचं इतकंच की या दिवशी वाईट वाटतं, ते सगळ्यांना वाटतं, त्यात काही चुकीचं नाही. आणि तो पासपोर्ट टाकून देऊ नका, पुढे ओसीआयला तोच तुमच्या भारतीय मूळाचा पुरावा आहे.

मुलांचं विसरू नका

१८ च्या आतलं मूल ग्रीन कार्डवर तुमच्यासोबत राहत असेल तर तुम्ही सिटिझन झालात की तेही आपोआप होतं, २००० च्या चाइल्ड सिटिझनशिप ॲक्टने. त्याला ओथ नाही, काही नाही, त्यामुळे आईवडिलांच्या लक्षातच येत नाही की त्याचा भारतीय पासपोर्टसुद्धा सरेंडर करायचाय. आमच्या ओळखीच्या एका घरात मुलाचा राहिला होता, चार वर्षांनी कॉलेजच्या सुट्टीत भारतात जायचं ठरलं तेव्हा कळलं. मुलाच्या अर्जावर दोन्ही पालकांच्या सह्या लागतात. घटस्फोट झाला असेल तर कस्टडीचे कोर्टाचे कागद जोडा.

आणि एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते, नागरिकत्व कायद्याच्या कलम ८ मध्ये अशी सोय आहे की आईवडिलांनी स्वतः जाहीर करून नागरिकत्व सोडल्यामुळे ज्या मुलाचं गेलं ते मूल सज्ञान झाल्यावर एक वर्षाच्या आत परत भारतीय व्हायचंय असं जाहीर करू शकतं, पण आपल्यासारखं दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतल्यामुळे आईवडिलांचं आपोआप संपलं असेल तर ही सोय लागू नाही, असं सुप्रीम कोर्टाने २०२४ मध्ये स्पष्ट केलंय. 

अमेरिकेत जन्मलेलं, भारतीय पासपोर्ट कधीच न काढलेलं मूल असेल तर सरेंडरचा प्रश्नच नाही, थेट ओसीआय, जन्मदाखला आणि आईवडिलांचे कागद लावून.

५. ओसीआयचा अर्ज

मे २०२५ मध्ये ओसीआयचं नवं पोर्टल आलं त्यामुळे जुन्या व्हिडिओंमधले स्क्रीन तुमच्या स्क्रीनशी जुळणार नाहीत, गोंधळू नका. आता अकाउंट उघडून अर्ज करता येतो आणि अर्धा भरून सेव्ह करता येतो. साइट सरकारी आहे ना एवढं बघा, शेवटी 'जीओव्ही डॉट इन' असलं पाहिजे. हुबेहूब दिसणाऱ्या खाजगी साइट आहेत ज्या दुप्पट पैसे घेतात आणि तुमचे सगळे कागद त्यांच्याकडे राहतात.

भरताना लक्षात ठेवायच्या गोष्टी, माझ्या अनुभवातून:

नाव अमेरिकन पासपोर्टवर आहे तसंच, आधीचं नाव वेगळं असेल तर त्यासाठी वेगळा रकाना आहे तिथे लिहा, तो रिकामा सोडू नका. जन्माचं ठिकाण जुन्या भारतीय पासपोर्टवर आहे तेच, तिथे गाव असेल तर गाव, जिल्हा असेल तर जिल्हा. आईवडिलांची नावं पासपोर्टच्या शेवटच्या पानावर आहेत तशीच, आपण घरात आईला ज्या नावाने ओळखतो ते नाही.

फोटो चौकोनी, मागचा रंग फिका, बॉर्डर नको, सावली नको, चष्मा काढूनच काढा. सही वेगळी स्कॅन करायची, रुंदी उंचीच्या तिप्पट, काळ्या किंवा निळ्या पेनने पांढऱ्या कागदावर. फोटो आणि सही यावरून सगळ्यात जास्त अर्ज अडतात आणि दोन्ही गोष्टी फुकट नीट करता येतात म्हणून इथे वेळ घाला. लहान मुलाला सही येत नसेल तर अंगठा, आईने मुलाच्या जागी सही ठोकायची नाही.

लागणारे कागद:
- अमेरिकन पासपोर्ट, किमान सहा महिने शिल्लक असलेला
- सरेंडर सर्टिफिकेट आणि रद्द केलेला भारतीय पासपोर्ट
- नॅचरलायझेशन सर्टिफिकेट
- पत्त्याचा पुरावा
- मुलांसाठी जन्मदाखला, आईवडिलांचे पासपोर्ट, त्यांचं मॅरेज सर्टिफिकेट

मराठीतला जन्मदाखला किंवा ग्रामपंचायतीचा दाखला असेल तर इंग्रजी भाषांतर जोडा. खूप जुन्या दाखल्यांवर बाळाचं नावच नसतं, नुसतं आईबापाचं नाव आणि 'मुलगी' असं लिहिलेलं. अशा दाखल्यावर नाव चढवून घ्यायचं काम भारतात, जिथे जन्माची नोंद आहे तिथल्या नगरपालिकेत किंवा ग्रामपंचायतीत होतं, पुढच्या सुट्टीच्या यादीत टाका.

नवरा किंवा बायको भारतीय वंशाची नसेल तर लग्नाच्या नात्यावर ओसीआय मिळतं, पण लग्न रजिस्टर्ड हवं आणि अर्ज करताना दोन वर्षं पूर्ण झालेली हवीत. आणि जो स्वतः किंवा ज्याचे आईवडील, आजीआजोबा किंवा पणजीपणजोबा पाकिस्तान किंवा बांगलादेशचे नागरिक होते त्याला ओसीआय मिळत नाही, फाळणीत तिकडून इकडे आलेल्या घरांतल्या लोकांनी आपले कागद आधी एखाद्या जाणकार वकिलाला दाखवलेले बरे.

सरकारी फी अमेरिकेत २७५ डॉलर, वर व्हीएफएसची सर्व्हिस फी आणि कुरियर. चौघांचं घर असेल तर आकडा मोठा होतो, पण म्हणून मुलांचं पुढे ढकलू नका.

एजंटकडून करून घ्यावं का असं मला सगळे विचारतात. माझं मत, नको. फॉर्म कंटाळवाणा आहे पण कठीण नाही, आणि एजंटने नावात केलेली चूक शेवटी तुम्हालाच निस्तरावी लागते.

६. मधला काळ

कागद पोचल्यापासून कार्ड येईपर्यंत काही आठवडे ते दोन-तीन महिने धरा. स्टेटस ऑनलाइन दिसतं, एकाच टप्प्यावर दोन आठवडे अडकलेलं दिसलं तरी रोज मेल करू नका.

या काळात भारतात जावं लागलं तर अमेरिकन पासपोर्टवर ई-व्हिसा मिळतो, निघायच्या किमान चार दिवस आधी अर्ज करावा लागतो. फॉर्ममध्ये आधीचं नागरिकत्व विचारतात, तिथे भारत असं खरं लिहा. आणि तिकीट काढताना आधीच्या सवयीने एअरलाइनच्या ॲपमध्ये सेव्ह केलेला भारतीय पासपोर्ट नंबर जाऊ देऊ नका, तो आधी डिलीट करा.

याच काळात फोन येतात. एम्बसीतून बोलतोय, तुमच्या फाइलमध्ये चूक आहे, आत्ता पैसे भरा नाहीतर डिपोर्ट करू, आणि मोबाइलवर नंबरसुद्धा एम्बसीचाच दिसतो. एम्बसी फोनवर पैसे मागत नाही, हे त्यांनी स्वतः वेळोवेळी जाहीर केलंय. आईबाबा घरी एकटे असतात, त्यांना हे दोनदा सांगून ठेवा.

७. कार्ड आल्यावर

पहिलं काम, सगळं वाचा. नाव, जन्मतारीख, पासपोर्ट नंबर. चूक असेल तर लगेच कळवा, विमानतळावर कळून उपयोग नाही.

प्रवासात ओसीआय आणि चालू पासपोर्ट दोन्ही जवळ हवेत. जुना पासपोर्ट, ज्याचा नंबर ओसीआयवर आहे तो, सोबत ठेवायची सक्ती २०२१ मध्ये काढून टाकली, तरी अमेरिकेतून निघताना काउंटरवरच्या माणसाला कधी कधी हे माहीत नसतं म्हणून मी फोनमध्ये त्याचा फोटो ठेवते.

भारतात पत्रकारिता, संशोधन, धर्मप्रसार किंवा गिर्यारोहण करायचं असेल तर ओसीआय असलं तरी वेगळी परवानगी लागते. अरुणाचलसारख्या संरक्षित भागात फिरायलाही लागते, ट्रेकिंगला जाणाऱ्यांनी हे विसरू नये.

८. भारतातली राहिलेली कामं

मतदार यादीतलं नाव काढा, त्यासाठी फॉर्म ७ आहे, ऑनलाइन होतो. घरचे म्हणतात राहू दे की, कुठे काय बिघडतंय. बिघडतं. परदेशी नागरिकाचं नाव यादीत असणं चूक आहे आणि त्यावर कोणी दुसऱ्यानेच मत टाकलं तर तेही तुमच्याच नावावर.

बँकेत जाऊन केवायसी बदला, साधं सेव्हिंग खातं अजून चालू असेल तर ते एनआरओ, म्हणजे परदेशात राहणाऱ्यांसाठीचं खातं, करा. पॅन तोच राहतो. आधार बऱ्याच जणांकडे आधीचंच असतं, ते नागरिकत्वाचा पुरावा नाही त्यामुळे त्याने ना काही मिळत ना काही जात, नवीन काढायचं असेल तर मागच्या बारा महिन्यांत १८२ दिवस भारतात राहिलेलं असावं लागतं.

आता जमीन. याबद्दल मला खरंच कळकळीने सांगायचंय, विशेषतः बायकांना. परदेशी नागरिकाला शेतजमीन, फार्महाऊस, बागायत विकत घेता येत नाही, बक्षीसपत्रानेही घेता येत नाही. पण वारसाहक्काने आली तर ठेवता येते. वडील गेले, सातबाऱ्यावर वारस नोंद करायचीय, आणि घरातलं कोणीतरी म्हणतं की तू आता अमेरिकेची झालीस, तुझं नाव लागणारच नाही, इथे हक्कसोडपत्रावर सही कर. हे खोटं आहे. मुलीचा वडिलोपार्जित मालमत्तेतला हक्क २००५ च्या दुरुस्तीने मुलाच्या बरोबरीचा झाला, २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने तो जन्मापासूनचा आहे असं स्पष्ट केलं, आणि नागरिकत्व बदलल्याने तो जात नाही. भावाला जमीन द्यायची असेल तर प्रेमाने द्या, मी माझा हिस्सा भावाला दिलाय कारण आईला तोच सांभाळतो, पण आधी वारस म्हणून माझं नाव चढवून घेतलं आणि मग दिलं. चुकीच्या माहितीवर सही करू नका. ती शेतजमीन विकायची झाली तर भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच विकता येते.

या कामांसाठी भारतात कोणाला मुखत्यारपत्र द्यायचं असेल तर ते अमेरिकेत नोटरी आणि अपॉस्टिल (कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणून लावतात तो सरकारी शिक्का) करून किंवा कॉन्सुलेटमध्ये साक्षांकित करून पाठवायचं, आणि महाराष्ट्रात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर स्टॅम्प ड्युटी भरायची. ही मुदत बहुतेकांकडून चुकते. पाकीट ज्या तारखेला पोचलं त्याचं कुरियरचं ट्रॅकिंग छापून कागदासोबत लावून ठेवा. सगळ्या कामांसाठी सरसकट मुखत्यारपत्र देऊ नका, ज्या कामासाठी द्यायचंय ते काम, तो गट नंबर, एवढंच त्यात लिहा.

९. पुढे पासपोर्ट बदलला की

विसाव्या वर्षाच्या आधी ओसीआय काढलेलं असेल तर वीस पूर्ण झाल्यावर नवा पासपोर्ट येईल तेव्हा ओसीआय एकदा नवीन करून घ्यावं लागतं, चेहरा बदललेला असतो म्हणून. त्याआधी मुलाचा प्रत्येक नवा पासपोर्ट आणि नवा फोटो पोर्टलवर अपलोड करायचा. मोठ्यांनी पन्नाशी ओलांडल्यावर जो नवा पासपोर्ट येईल तो एकदा अपलोड करायचा. अपलोडला फी नाही, पासपोर्ट मिळाल्यापासून तीन महिन्यांच्या आत करायचं. अमेरिकेत सोळाच्या आतल्या मुलांचे पासपोर्ट पाच वर्षांचेच असतात, म्हणून पासपोर्ट रिन्यूची तारीख कॅलेंडरमध्ये टाकताना ओसीआय अपलोडची तारीखही त्याच्याच खाली टाकून ठेवा.